जोखीम कोणाच्या ओटीत? : पेवापासून वायदाबंदीपर्यंत नांदेड-लातूरचा प्रवास

१/२०
एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पीत होते. पुढे पाऊस चांगला झाला आणि अवघ्या नऊ-दहा महिन्यांत त्याच लातूरच्या आडत बाजारात तुरीच्या थप्प्या लागल्या. पाणी आले, पीक आले. भाव मात्र गेला. दुष्काळात बुडालेला शेतकरी सुकाळातही बुडाला. या कोड्याचे उत्तर शेतीशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते. #धागा

२/२०
उत्पादन-व्यवस्थापन या शास्त्रात दोन प्रश्न सहसा वेगवेगळ्या दालनांत अभ्यासले जातात. एक, काम करणाऱ्याची उत्पादकता कशी वाढवावी? दुसरा, भावातील चढउतारांपासून संरक्षण, म्हणजे हेजिंग, कसे मिळवावे? मराठवाड्याचा इतिहास सांगतो की हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. उत्पादकता वाढली की विकायचा माल वाढतो, आणि माल वाढला की भावाची जोखीमही वाढते. ती कोणी वाहायची, हा खरा प्रश्न.

३/२०
हेजिंगला दोन रूपे आहेत. पहिले व्यवहारातले: साठवण, मिश्र पीक, एकाहून अधिक बाजारपेठा. दुसरे कागदावरचे: पुढील तारखेच्या मालाचा भाव आजच बांधून घेणे, म्हणजेच वायदा. पहिले रूप मराठवाड्याला शिकवावे लागले नाही. ज्वारी जमिनीखालच्या पेवात पुरून ठेवणारा आणि कापसाच्या ओळींत तूर पेरणारा शेतकरी तेच करीत होता. एक पीक गेले तर दुसरे, एक वर्ष गेले तर पेव.

४/२०
ही घडी रेल्वेने बदलली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-मनमाड मार्गाने नांदेड जोडले गेले. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. अरुंद रुळांवरच्या त्या छोट्या गाडीने लातूरचा माल मुंबईच्या आवाक्यात आणला. त्याच गाडीने मुंबईची मंदीही लातूरच्या पेठेत आणली. पेवातले धान्य खाण्यासाठी होते. गाडीत चढलेला कापूस केवळ विकण्यासाठी होता.

५/२०
निजामी मुलखात याहून एक अधिक जोखीम होती, ती चलनाची. हैदराबाद संस्थानाचा ‘हाली सिक्का’ ब्रिटिश हिंदुस्थानच्या ‘कलदार’ रुपयाहून वेगळा होता. विसाव्या शतकात साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब स्थिरावला. नांदेडच्या व्यापाऱ्याची विक्री मुंबईत कलदारात, तर खरेदी मोंढ्यात हालीत. आज निर्यातदार ज्याला विनिमय-जोखीम म्हणतो, ती येथील पेढ्यांच्या रोजच्या परिचयाची होती.

६/२०
व्यापाऱ्यापाशी या जोखमींवर उपाय होता. मुंबईत कापसाचे वायदे एकोणिसाव्या शतकापासून चालत. १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली. आज ज्यांना ऑप्शन म्हणतात ते सौदे तेथे ‘तेजी-मंदी’ या नावाने होत. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र दुसराच वायदा आला: सावकाराकडून उभ्या पिकावर उचल घ्यायची आणि पीक त्याच्या भावाने त्याच्या घरी घालायचे.

७/२०
या दोन वायद्यांतला फरक नीट पाहण्याजोगा आहे. दोन्हींत भाव आधी ठरतो. पहिल्यात दोन्ही पक्ष समान असतात आणि भाव उघड्या बाजारात ठरतो. दुसऱ्यात एकाला बी-बियाण्यासाठी आजच पैसा हवा असतो, म्हणून भाव दुसरा सांगतो. पहिला करार जोखीम वाटून देतो. दुसरा नफा एकीकडे आणि जोखीम दुसरीकडे ठेवतो. कराराचा साचा एकच असला तरी सत्ता वेगळी असते.

८/२०
हाच अन्याय गिरणीतही दिसतो. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या कापड गिरण्यांनी भरघोस लाभांश वाटले. मंदी आली तेव्हा उपाय सुचला ‘कार्यक्षमते’चा: एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत. १९२८ चा सुमारे सहा महिन्यांचा ऐतिहासिक संप या सक्तीच्या सुसूत्रीकरणाविरुद्ध होता. बाजाराने केलेला तोटा कामगाराच्या हातांतून वसूल करण्याचा तो प्रयत्न होता.

९/२०
म्हणून उत्पादकतेचा आकडा पाहताना एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. गिरणीचा नफा घटला तो कामगार संथ होता म्हणून, की कापूस चढ्या भावाने विकत घेतला गेला म्हणून? पहिले कारण असेल तर उपाय प्रशिक्षणाचा आहे, दुसरे असेल तर हेजिंगचा. दुसऱ्या आजारावर पहिले औषध दिले की रोग राहतो आणि रोगी थकतो.

१०/२०
स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेने वायद्यांकडे संशयाने पाहिले. १९५२ च्या वायदे करार (नियमन) कायद्याने तेजी-मंदीचे सौदे निषिद्ध ठरवले; १९६० च्या दशकात कापसाचे वायदेही बंद झाले. संशयाला आधार नव्हता असे नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील आकड्यांवर मुंबईत पैजा लागत, त्यातूनच पुढे मटका उभा राहिला. सामान्य माणसाच्या मनात वायदा आणि मटका एकाच खात्यावर जमा झाले ते तेव्हापासून.

११/२०
मग शेतकऱ्याची भावजोखीम कोणी घ्यायची? महाराष्ट्राने उत्तर दिले: शासनाने. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२-७३ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस शासनालाच द्यायचा, शासनाने हमीभाव द्यायचा. बाजार वर गेला तर अधिक रक्कम, खाली गेला तर भाव चढउतार निधीतून भरपाई. साऱ्या राज्यासाठी एकच छत्री, अशी ही कल्पना होती. आपल्याकडील सर्वांत धाडसी आर्थिक प्रयोगांत तिची गणना व्हावी.

१२/२०
याच काळात उत्पादकतेनेही झेप घेतली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेले ‘एनएचएच-४४’ हे संकरित वाण १९८४ मध्ये प्रसारित झाले आणि ‘नांदेड-४४’ या नावाने कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. मराठवाड्याच्या मातीतून आलेले हे खरे यश होते. पण वाण सरकीत सुधारले, छत्रीची शिवण मात्र उसवत गेली.

१३/२०
कारण सीमा उघडी होती. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस किनवट, धर्माबादच्या बाजूने चोरवाटांनी आदिलाबादकडे जाई. भाव उतरला की उलट दिशेने येई. म्हणजे तेजीत शासनाच्या हाती माल नाही आणि मंदीत सगळा माल शासनाच्या गळ्यात. कोणतीही विमायोजना अशा व्यवहारात टिकत नाही. तोटा हजारो कोटींवर गेला आणि नव्या शतकाच्या आरंभी एकाधिकार मोडीत निघाला. हेतू उदात्त होता, रचना चुकली.

१४/२०
एकाधिकार संपत असताना, २००३ च्या सुमारास, शेतमालाचे वायदेबाजार देशात नव्याने खुले झाले. पण जानेवारी २००७ मध्ये तूर आणि उडदाचे वायदे महागाईच्या भीतीने बंद झाले. अभिजित सेन समितीने २००८ मध्ये अहवाल दिला: भाववाढ वायद्यांमुळेच झाली असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही. तरीही तुरीवरील बंदी कायम राहिली. आता पहिल्या पोस्टमधील कोड्याकडे परत जाता येते.

१५/२०
२०१५ मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. २०१६ च्या जूनमध्ये पेरणी करणाऱ्यासमोर एकच आकडा होता: आजचा चढा भाव. पुढच्या जानेवारीचा भाव सांगणारा फलक अस्तित्वातच नव्हता. देशाचे तूर उत्पादन २०१५-१६ मधील सुमारे २५.६ लाख टनांवरून २०१६-१७ मध्ये सुमारे ४८.७ लाख टनांवर गेले. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल. बाजारभाव त्याच्या खाली. त्यातच डाळींच्या निर्यातीवर निर्बंध, खरेदी केंद्रांवर बारदान्याचा तुटवडा आणि मैलभर रांगा.

१६/२०
तीच कथा सोयाबीनची. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीस परवानगी दिली. काढणीच्या वेळी भाव निम्म्यावर आला. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे स्थगित केले. ती मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली गेली. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार त्याच्या कितीतरी खाली होता.

१७/२०
येथे प्रामाणिक असले पाहिजे. वायदे चालू असते तर भाव वाढला असता, असे मुळीच नाही. जागतिक उत्पादन आणि आयात धोरण यांपुढे कोणताही फलक दुबळाच. वायदा करतो ते एवढेच: मंदीची खबर काढणीनंतर नव्हे, पेरणीच्या वेळी देतो, आणि भाव पडण्याची जोखीम ती घेण्यास तयार असलेल्या तिसऱ्या माणसाला विकण्याची सोय करतो. पीकविमा उत्पादनाची हानी भरतो, भावाची नव्हे. ती जागा आज रिकामी आहे.

१८/२०
तथापि बंदी उठवली की प्रश्न सुटला, हेही खरे नाही. वायद्याचा करार टनांत असतो, दोन एकरांतला माल क्विंटलांत. त्यासाठी अनामत रक्कम लागते आणि भाव उलटला की रोज भर घालावी लागते. हे अल्पभूधारकाला झेपणारे नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत कांद्याच्या वायद्यांवर कायद्याने बंदी आली ती उत्पादकांच्याच मागणीवरून, कारण मूठभर सटोडियांनी बाजार कोंडीत पकडला होता. वायदा हे अवजार आहे. ते कोणाच्या हाती पडते, यावर त्याचे पुण्य-पाप ठरते.

१९/२०
आणि जो शेतमालकही नाही, त्याचे काय? कंधार, मुखेड, जळकोटच्या डोंगरपट्ट्यातून दरसाल ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. हा श्रमांचा वायदाच आहे. मजुरी टनावर, म्हणजे उत्पादकता पुरेपूर मोजलेली. पण आजारपण, बाळंतपण, अवकाळी पाऊस ही सारी जोखीम कोयत्याच्या शिरी. एका दिवसाचा खाडा झाला तरी तो अंगावर पडतो. साखर कारखान्याच्या कर्जाला शासनाची हमी मिळू शकते. उचलीला कोणाचीही मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या उभ्या पिकावरील उचलीचाच हा वारसा.

२०/२०
इतिहासाचा कौल म्हणून असा दिसतो. एक, सोयाबीन-तुरीचे वायदे नियमनासह पुन्हा सुरू व्हावेत आणि भाव वाढला की बंद करण्याची सवय सुटावी. दोन, त्यात उतरावे ते शेतकरी उत्पादक कंपन्यांनी, एकट्या शेतकऱ्याने नव्हे. भाव पडला तर संरक्षण आणि चढला तर लाभ देणारे ऑप्शन त्यांना परवडावेत, म्हणून हप्त्यात शासनाने वाटा उचलावा. तीन, पणन मंडळाची १९९० पासूनची शेतमाल तारण कर्ज योजना, म्हणजे मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांचे कर्ज, प्रत्येक मोंढ्यात खऱ्या अर्थाने पोहोचावी. ते आधुनिक पेवच आहे. चार, उचलीचा लेखी करार आणि खाड्याला विम्याचे संरक्षण असावे. एकरी किती पिकले आणि कोयत्यामागे किती टन तुटले, हे मोजायला मराठवाडा केव्हाच शिकला. भाव पडला तेव्हा तोटा कोणाच्या ओटीत गेला, याची नोंद ठेवायला अजून शिकायचे आहे.