आले तसे पुढे पाठवले

मी उद्धट माणूस आहे. हा शोध माझा नव्हे. दोन वर्षांपूर्वी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या समस्त कुटुंबाने तो एकमताने लावला. कुटुंब म्हणजे आमच्या घरातली चार डोकी असे समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या कुळातल्या एकसष्ट माणसांची बैठक अहोरात्र भरलेली असते. तीत चिपळूणचे चुलते आहेत, बडोद्याची आत्या आहे, आणि आमच्या 'शुभरात्री'ला न चुकता 'सुप्रभात' म्हणणारा न्यू जर्सीचा भाचाही आहे. बैठक मोठी गोड. इतकी गोड, की तिथे कुणी कुणाला काही विचारीत नाही.

त्या संध्याकाळी बापूकाकांनी एक मजकूर टाकला. बोहारणींच्या वेषात मुले पळवणारी टोळी शहरात उतरली आहे. भांडी दाखवायच्या निमित्ताने दार उघडायला लावतात. सर्व मातांपर्यंत पोहोचवा. खाली जोडलेल्या हातांचे चित्र, आणि त्याखाली ते सुप्रसिद्ध वाक्य : 'आले तसे पुढे पाठवले.'

मी लिहिले, "काका, हे कुणी पाहिले? कोणत्या पोलीस ठाण्यात तक्रार आहे?"

बस्स, एवढेच. पण सत्यनारायणाच्या प्रसादात खडा निघावा तशी शांतता पसरली. मग एकेक जण बोलू लागला. "वडीलधाऱ्यांना असे चारचौघांत विचारतात का?" "काळजीपोटी पाठवले हो त्यांनी." "सणासुदीला वाद नकोत." धाकट्या वहिनीने वातावरण निवळावे म्हणून पणत्यांचे चित्र टाकले. रात्री दहाला मी "चुकलो" असे लिहिले. त्यावर सतरा जणांनी हात जोडले आणि कुटुंबाची अब्रू वाचली.

आता दुसरा दिवस सांगतो. आमच्या गल्लीत वीस-बावीस वर्षे एक बोहारीण येत असे. आमच्या सौ.च्या आणि तिच्या वाटाघाटी दोन राष्ट्रांच्या वकिलांना लाजवतील अशा. एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस, आणि शेवटी दोघींचा चहा. धनत्रयोदशीला ती आली ती चार वर्षांच्या नातवाचा हात धरून. कोपऱ्यावरच्या इमारतीपाशी माणसांनी तिला घेरले. "हे पोर कुणाचे?" गाठोडे रस्त्यात उपसले गेले. निघाल्या त्या जुन्या विजारी, विटकी परकर-पोलकी, आणि आमच्या सौ.ने आठवड्यापूर्वी दिलेली जांभळी साडी. सौ. तशीच अनवाणी धावली. "अहो, ती आमची बोहारीण आहे!" तोवर कुणी तरी हात टाकलेला होता. 'फार लागले नाही' असे नंतर सगळे म्हणाले. त्या 'फार' या शब्दावर मी दोन वर्षे अडकून पडलो आहे. गर्दी पांगली. रस्त्यावरचे कपडे तिने एकटीने गोळा केले, पोर रडत होते. त्यानंतर ती आली नाही.

त्याच वेळी आमच्या बैठकीत करंज्यांची छायाचित्रे येत होती.

मंडळी, हे नशीब की प्रकरण तिथे थांबले. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारे आले आहेत, अशी अफवा त्याआधी घरोघरच्या फोनवर फिरत होती. ती अफवा पुढे पाठवणाऱ्यांत शिवराळ माणसे किती होती आणि भली माणसे किती? माझी खात्री आहे, बहुतेक भलीच असणार. काळजीपोटीच पाठवत असणार. हातही जोडले असणार.

म्हणून माझे म्हणणे असे, की या नव्या बैठकांच्या शिष्टाचाराची आपण उलटी उजळणी करतो आहोत. आपल्या लेखी सभ्य कोण? जो मोठ्याने बोलत नाही, शिवी देत नाही, राजकारण काढत नाही तो. आणि असभ्य कोण? जो "कशावरून?" विचारतो तो. शिवी वाईट खरीच, मी तिची वकिली करीत नाही. पण शिवीला निदान बाप असतो. ती कुणी दिली हे कळते. 'आले तसे पुढे पाठवले' या वाक्याला बाप नाही. त्याचा अर्थ एवढाच, की हे मी बोललो आहे, पण मी बोललेलो नाही.

फराळाचेच बघा ना. शेजारून ताट आले, की चकली कुणाच्या घरची हे आपल्याला ठाऊक असते. ती खवट निघाली तर शेजारीण "अगं बाई, तेल बदलायला हवे होते" म्हणते आणि पुढच्या खेपेला जपते. एखादीने रुमालाखाली झाकलेले ताट आणून दिले आणि म्हटले, "कुणी केले ठाऊक नाही, मी चाखलेही नाही, आले तसे तुमच्या पोरांना दिले," तर आपण ते उंबऱ्याच्या आत घेऊ का? पोटासाठी जेवढी चिकित्सा करतो तेवढी डोक्यासाठी करू नये, हा कुठला शिष्टाचार?

कुणी म्हणेल, वाद घालणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. अहो, गौतमाच्या न्यायसूत्रांत वादाचे प्रकार मांडलेले आहेत! सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा मोडणे ही वितंडा. वितंडेहून खालची पायरी त्यांना सुचली नाही, कारण माणूस न वाचताच बोलू शकेल अशी सोय तेव्हा नव्हती.

आणि कडू बोलण्याची एवढी भीती असेल तर टिळक-आगरकर आठवा. १८८२ साली दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. पुढे मतभेद झाले, आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ साली सुधारक काढला. मग एकमेकांवर त्यांनी जे लिहिले ते आज आमच्या बैठकीत आले तर निम्मे नातेवाईक 'बाहेर पडले' अशी नोंद उमटेल. पण कोणता घाव कुणाचा, हे साऱ्या पुण्याला ठाऊक होते. १८९५ साली आगरकर गेले तेव्हा केसरीतला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. ज्याच्याशी उघड भांडलो त्याच्यासाठी उघड रडताही येते. आम्ही कुणाशीच भांडत नाही. आम्ही नुसते ढकलतो.

'चालकाने लक्ष ठेवावे' ही आणखी एक पळवाट. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ सालीच सांगितले आहे, की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, त्यात संगनमत नसेल तर, चालकाला गुन्हेगार धरता येत नाही. योग्यच आहे. धर्मशाळेचा रखवालदार प्रत्येक उतारूच्या तोंडाला कसा पुरणार? खुद्द व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे धाडता येईल असा बांध घातला, आणि २०२० साली फार फिरलेल्या मजकुराला एकच वाट ठेवली. यंत्राला लाज घालता येते ती इतकीच. उरलेली आपण आणायची.

मी फार मागत नाही. जे पाठवाल ते आपले म्हणून पाठवा, नाही तर पाठवू नका. चूक निघाली तर ज्या बैठकीत सांगितले त्याच बैठकीत "चुकले" म्हणा. नुसते पुसून टाकल्याने ते इतरांच्या डोक्यातून पुसले जात नाही. आणि कुणी "कशावरून?" विचारले, तर त्याला उद्धट म्हणण्यापूर्वी त्याचे आभार माना. त्याने तुमचा अपमान केलेला नसतो. तुमच्या शब्दाला किंमत आहे असे समजून तो विचारीत असतो.

राहता राहिला माझा गुन्हा. प्रश्न विचारणे हा तो नव्हे. त्या रात्री मी "चुकलो" लिहिले, तो. ते लिहिले नसते, आणखी दोनदा विचारले असते, तर कदाचित आमच्याच गल्लीतल्या चार नातेवाइकांनी तो मजकूर आपापल्या इमारतीत धाडण्याआधी विचार केला असता. एकसष्ट माणसांची मर्जी राखायला मी एका बाईचा रस्ता बंद करू दिला.

गेल्या दिवाळीत मी ही सारी हकिकत बैठकीत लिहिली. उत्तरादाखल तीन आकाशकंदील आले. मात्र रात्री उशिरा बापूकाकांचा फोन आला. बराच वेळ हवापाण्याचे बोलले. मग हळूच म्हणाले, "तिला काही लागलं-बिगलं नाही ना रे?" मी म्हटले, "काका, हेच तिथे सगळ्यांसमोर लिहा." ते "बघतो" म्हणाले. माणूस चांगला आहे. अजून लिहिलेले नाही, पण मी वाट पाहतो आहे.

वाट सौ.ही पाहते आहे. जुन्या कपड्यांचे गाठोडे तिने यंदाही बांधून दाराआड ठेवले आहे.