अपात्र ठरविलेल्या मृत्यूंविषयी

मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

महोदय,

२०२५ सालच्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्यातील ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी ३७३ प्रकरणे मदतीस पात्र ठरली, २०० अपात्र ठरली आणि १९४ चौकशीखाली आहेत, हा हिशेब आपल्याच शासनाने विधिमंडळात दिलेला आहे. निकाल लागलेल्या ५७३ प्रकरणांत २०० नामंजूर, म्हणजे दर तीन घरांमागे एकाहून अधिक घरांस सरकारने कळविले की, तुमचा मनुष्य गेला हे आम्हांस मान्य आहे, त्याने स्वतःच्या हाताने जीव दिला हेही मान्य आहे, परंतु आमच्या शासन निर्णयात जी कारणे लिहिलेली आहेत त्यांत त्याचे कारण बसत नाही. निवृत्तीनंतर आमच्या तालुक्यातील अशा घरांचे अर्ज, स्मरणपत्रे आणि फेरचौकशीच्या विनंत्या लिहून देण्याचे काम मी करीत आलो. त्यांतील बहुतेकांस उत्तर आले नाही आणि ज्यांस आले त्यांस एका ओळीचे आले. म्हणून आता जे लिहावयाचे ते सर्वांसमक्ष लिहितो.

ज्या शासन निर्णयाचा आधार घेऊन हे निवाडे होतात तो २३ जानेवारी २००६ चा आहे. मयत शेतकरी असावा, घरी सातबारा असावा, आणि नापिकी, राष्ट्रीयकृत बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे फेडता न आलेले कर्ज, अथवा त्या कर्जाच्या वसुलीचा तगादा हे मरणाचे कारण असावे, अशी त्याची मांडणी आहे. तहसीलदार, पोलीस आणि कृषी खात्याचे अधिकारी चौकशी करतात, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय देते आणि पात्र ठरलेल्या घरास एक लाख रुपये मिळतात, त्यांतले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. कागदावर हे सारे रीतसर दिसते. गावात ते कसे घडते हे मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून दिसत नसेल, म्हणून सांगतो.

घरात प्रेत असताना पंचनामा होतो. दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच जबाब घेण्यास माणसे येतात. समोर जी बाई बसलेली असते तिने आठवडाभर नीट अन्न घेतलेले नसते, तिला शासन निर्णयातील तीन कारणे ठाऊक नसतात, आणि आदल्या रात्री घरात काय झाले असे विचारल्यावर ती खरे तेच सांगते की, थोडी बोलाचाली झाली होती. बोलाचाली कशावरून झाली हे विचारण्याची तसदी पुष्कळ वेळा कोणी घेत नाही. सोसायटीची नोटीस आलेली असते, कापसाचे पैसे उधारीत वळते झालेले असतात, मुलीची फी राहिलेली असते आणि त्यावरूनच नवराबायकोचे वाजलेले असते. परंतु जबाबात उतरते ते एवढेच, ‘कौटुंबिक कलह’. शेजारी सांगतो की अलीकडे तो दारू घेऊ लागला होता, आणि त्याचा शेरा होतो ‘व्यसनाधीनता’. पाठीचे दुखणे होते असे भाऊ सांगतो, तर ‘आजारपण’. जो मनुष्य दोन हंगाम बुडाल्यानंतर पिऊ लागला, ज्याच्या आजारावर उपचार करण्यास पैसा उरला नाही, त्याचे व्यसन आणि त्याचा आजार त्याच्या शेतीपासून वेगळे काढून त्यांवर स्वतंत्र मरण बसविण्याचे हे काम ज्या सफाईने चालते, ते पाहून मला आपल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांचा राग येत नाही. कारण त्यांच्या हाती जो नमुना दिलेला आहे त्याच्या रकान्यांत दुसरे काही मावतच नाही. राग येतो तो तो नमुना वीस वर्षे जसाच्या तसा ठेवणाऱ्यांचा.

कर्जाच्या अटीचे तर काय सांगावे! २०१४ साली याच राज्याने सावकारी नियमनाचा कायदा केला आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा ठरविला. त्या गुन्हेगाराच्या पाशात जो अडकला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जो पीडित आहे, त्याची विधवा आपल्या कचेरीत आली की तिला विचारले जाते की सावकाराकडे परवाना होता काय. नसेल तर कर्ज मोजण्यात येत नाही. कृषी केंद्राची बियाण्याखताची उधारी मोजली जात नाही, मेहुण्याकडून उसने घेतलेले मोजले जात नाही, आठवड्याच्या आठवड्याला दारात येऊन बसणाऱ्या सूक्ष्मवित्त कंपनीच्या हप्त्यांवरून पुन्हा वाद होतो. बँकेने ज्याला थकबाकीदार म्हणून दारातून परत पाठविले त्याला याच वाटा उरतात, हे सहकार आणि महसूल या दोन्ही खात्यांस पक्के माहीत आहे. ज्याचे कर्ज सर्वांत महाग आणि ज्याचा तगादा सर्वांत निर्दय, त्याचीच नोंद धरावयाची नाही, असा हा नियम झाला.

मक्त्याने किंवा बटईने शेती करणाऱ्याची गत आणखी वाईट आहे. कुळकायद्याच्या धास्तीने मालक लेखी करार करून देत नाही. सातबारा मालकाचा, पीककर्ज मालकाच्या नावे, अतिवृष्टीचे अनुदान मालकाच्या खात्यात आणि बुडीत तेवढे मक्तेदाराचे. तो मेला तर शासनाच्या दृष्टीने शेतकरी मेलाच नाही. शेतमजुराचा तर या निर्णयात विचारच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली देशातील शेतीक्षेत्रात ११,२९० आत्महत्या मोजल्या, त्यांतील ४,२४८ महाराष्ट्रातल्या, आणि त्या मोजणीत शेतमजूरही धरलेले आहेत. दिल्लीच्या मोजणीत त्यांना जागा मिळाली. मुंबईच्या मदतीत मिळाली नाही.

आता रकमेविषयी, कारण माझी मुख्य तक्रार येथेच येऊन मिळते. २००५-०६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला १,९८० रुपये होता. त्या भावाने एक लाख रुपये म्हणजे पन्नास क्विंटल कापूस. २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये आहे आणि आज तेच एक लाख रुपये म्हणजे जेमतेम बारा क्विंटल. कापसाचा भाव सरकारनेच चौपट केला, कारण खर्च वाढला हे सरकारला पटले. मग कापूस पिकविणाऱ्याच्या मागे राहिलेल्या बाईचा खर्च वाढला नाही, असे कोणत्या आकड्यावरून ठरले? त्याच शेतकऱ्याच्या अंगावर त्याच शेतात वीज पडली असती, तर आपल्याच खात्याने नैसर्गिक आपत्तीच्या निकषाने चार लाख दिले असते. विहिरीत पाय घसरून तो गेला असता, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून दोन लाख मिळाले असते. त्या योजनेत आत्महत्येस मात्र स्पष्ट मज्जाव आहे. वाघाने मारले असते तर वन खात्याने पंचवीस लाख दिले असते, आणि ते द्यावेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु या चारही मरणांनंतर चूल तीच, मुले तीच, सोसायटीचे खाते तेच. आणि शासनाची रक्कम मात्र पंचवीस लाखांपासून एक लाखापर्यंत, आणि तीनांतल्या एका घरी शून्यापर्यंत उतरते.

पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबाद जिल्हा लागतो. पाणी तेच, काळी जमीन तीच, कापूस तोच, सोयरिकीही दोन्ही काठांच्या आहेत. तेलंगणाने २०१८ च्या ऑगस्टपासून ‘रयतु बीमा’ चालू केला; १८ ते ५९ वयाच्या जमीनधारक शेतकऱ्याचा संपूर्ण हप्ता सरकार आयुर्विमा महामंडळाकडे भरते, आणि शेतकरी कोणत्याही कारणाने वारला तरी वारसाला पाच लाख रुपये मिळतात, तेही दहा दिवसांत द्यावेत अशी योजनेची रचना आहे. मक्तेदार तेथेही वगळलेला आहे, हा त्या योजनेचा मोठा दोष मी लपवीत नाही. तरीही त्या काठावर मरण कसे आले हा प्रश्न पैशाच्या आड येत नाही. दक्षिणेला कर्नाटक आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरास पाच लाख देते. सोलापूर आणि लातूर या जिल्ह्यांच्या सीमा त्या राज्याला लागलेल्या आहेत. तेथल्या विधवांना हा फरक कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर एक उत्तर मी कचेऱ्यांतून अनेकदा ऐकले आहे, आणि ते ऐकताना मला प्रत्येक वेळी संताप अनावर झाला आहे. ते असे की, रक्कम वाढविली तर आत्महत्यांना उत्तेजन मिळेल. ज्यांना ही भीती खरोखर वाटते त्यांनी रक्कम आत्महत्येपासून सोडवून मृत्यूशी जोडावी. तापाने गेला, सर्पदंशाने गेला, हृदय बंद पडून गेला किंवा जीव देऊन गेला, घरास मिळणारी रक्कम एकच असेल तर कोणत्याही एका मरणास उत्तेजन कसे मिळेल? शिवाय त्या क्षणी चौकशी समिती, कारणांचे रकाने, परवान्याचे प्रश्न आणि विधवेच्या तोंडून कलह वदवून घेणारा तो जबाब, हे सारेच अनावश्यक होते. हा मार्ग शेजारच्या राज्याने चालून दाखविला आहे. तो आपल्या खात्यास सुचत नसेल असे मला वाटत नाही. म्हणूनच तो न स्वीकारण्याचे कारण आपण जाहीरपणे सांगावे, अशी माझी मागणी आहे.

एक लाख मिळो न मिळो, पुढचे आयुष्य ज्यावर काढावयाचे त्या ‘निराधारच्या पगारा’ची कथाही याच दप्तरातली आहे. संजय गांधी निराधार योजनेतून विधवेला दरमहा १,५०० रुपये मिळतात, परंतु त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे साऱ्या कुटुंबाने दिवसाला सत्तावन्न रुपयांत जगले पाहिजे. असे कुटुंब राज्यात असू शकत नाही हे दाखला देणाऱ्या अव्वल कारकुनाला ठाऊक असते, मागणाऱ्या बाईला ठाऊक असते, आणि तरी दोघांनी मिळून तो खोटा आकडा लिहावा लागतो. प्रामाणिकपणे रोजगार हमीची मजुरी सांगणारी बाई तेवढी बाहेर पडते. ‘लाडकी बहीण’ योजनेत तेच १,५०० रुपये अडीच लाख उत्पन्नापर्यंत दिले जातात. एकाच तिजोरीतून एकाच रकमेसाठी दोन मर्यादा, आणि त्यांतली बारापट कडक मर्यादा विधवेसाठी! केंद्राच्या कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार २०१२ पासून वीस हजारच आहेत आणि त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागते.

त्याच खिडकीपाशी आणखी एक घर उभे असते, आणि ते आपल्या खात्याचे नव्हे म्हणून टाळण्यासारखे नाही. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या पत्नीस निराधार योजनेत स्थान आहे, ही या योजनेतील एक सुज्ञ तरतूद होय. परंतु नवरा सुटून घरी आला की तिच्या पात्रतेचे कारण संपते. ज्याला गावात कोणी सालदार ठेवीत नाही, ज्याचे रेशनकार्डावरचे नाव कमी झालेले आहे, तो घरी येताच कमावता धरला जातो. केंद्राने २०२३ साली गरीब कैद्यांसाठी जामिनास चाळीस हजार आणि दंडास पंचवीस हजारांपर्यंत साहाय्याची योजना काढली. दार उघडण्याची तजवीज झाली, पुढच्या वर्षभराची झाली नाही. सुटकेनंतर निदान एक वर्ष त्या घराचे अनुदान चालू ठेवावे. यासाठी नव्या योजनेची गरज नाही, एका शुद्धिपत्रकाने हे होण्यासारखे आहे.

पैसा नाही हे कारण मी ऐकून घेणार नाही. वर्षाला तीन हजार घरे धरली आणि प्रत्येकास पाच लाख दिले तर दीडशे कोटी होतात. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा आहे. हजार रुपयांत एकवीस पैसे. सर्व शेतकऱ्यांच्या सर्व मृत्यूंसाठी विमा उतरविला तर खर्च अर्थातच पुष्कळ वाढेल, परंतु तेलंगणाने तो आपल्याहून लहान तिजोरीतून केला आहे. १९८६ च्या मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले, तेव्हापासून या प्रश्नावर समित्या बसल्या, २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, अमरावतीला स्वतंत्र मिशन आले. आणि इतके होऊनही विधवेच्या हाती येणारी रोख रक्कम तीस हजारच राहिली.

तेव्हा २००६ चा शासन निर्णय रद्द करावा. मृत्यूच्या कारणाची अट काढून मक्तेदार आणि शेतमजूर यांसह सर्वांस लागू होईल असे पाच लाखांचे संरक्षण द्यावे. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख करावी. हे होईपर्यंत त्या १९४ प्रकरणांचा निकाल मुदत ठरवून लावावा, आणि ज्या २०० घरांस अपात्र म्हणून कळविले त्यांना चौकशी अहवालाची नक्कल, नामंजुरीचे सविस्तर कारण आणि सुनावणीची तारीख घरपोच द्यावी. या पत्राची पोच मला पाठविण्यात वेळ दवडू नये. त्या घरांचे पत्ते आपल्या दप्तरी आहेत, उत्तर तेथे पाठवावे.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक