काढून टाकलेलं मत परत लिहा

गेल्या रविवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकूंनी चार ओळी लिहिल्या. यंदा विसर्जनाला डीजे नको, ढोल-लेझीम ठेवू. यांची अँजिओप्लास्टी होऊन दोनच महिने झालेत, खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या की हे छातीला हात लावून बसतात. बस, एवढंच. दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं, "सणाला विरोध आहे का?" पाठोपाठ दुसरं, "सहन होत नसेल तर दहा दिवस गावी जा." मग हसणारे चेहरे, मग काकूंच्या डीपीवरून कुणीतरी बनवलेला स्टिकर, मग त्या चार ओळींचा स्क्रीनशॉट शेजारच्या मंडळाच्या ग्रुपवर. पाऊण तासानं काकूंनी पोस्ट काढून टाकली, "क्षमस्व" असं लिहिलं आणि ग्रुप सोडला.

काकू गेल्यावर ग्रुपवर ८४ जण उरलो. त्यांतले नऊ बोलले होते. पंचाहत्तर गप्प बसले, त्यांत मीही होतो. "काकू, तुमचं बरोबर आहे," एवढं टाइप करून मी ते खोडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे आवाहन.

गणपतीला तीन आठवडे राहिले आहेत. या तीन आठवड्यांत ढोलावर, डीजेवर, वर्गणीवर, मांडवानं अडवलेल्या रस्त्यावर हजारो घरांमध्ये मतं तयार होणार आहेत आणि त्यांतली बहुतेक घरातच राहणार आहेत. तुम्ही लिहून भीतीपोटी काढून टाकलेलं एखादं साधं मत असेल तर ते या आठवड्यात परत लिहा. दुसऱ्या कुणी लिहिलेलं दिसलं, तर पटो न पटो, त्याखाली स्वतःच्या नावानं दोन शब्द लिहा. "मला पटलं नाही, पण तुम्ही बोललात ते बरं केलंत," हेही पुरे. कृपा करून गप्प बसू नका.

काकूंच्या बाजूनं कायदाही होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकतं, पण वर्षातून पंधरा दिवसांहून जास्त नाही. काकूंनी यातलं काहीच काढलं नाही. त्या पोलिसांत तक्रार करू शकल्या असत्या, नाव गुप्त ठेवूनही करता आली असती. त्याऐवजी त्यांनी शेजाऱ्यांना विश्वासात घेतलं, घरातलं आजारपण उघड करून सांगितलं. तक्रारीच्या अलीकडची ही पायरी आहे, आणि माणसं एकत्र राहतात ती याच पायरीवर. ती आपण मोडली की पुढच्या वर्षी काकू ग्रुपवर लिहिणार नाहीत, थेट १०० किंवा ११२ लावतील. मग मंडळाची पोरं विचारतील, आम्हाला आधी का नाही सांगितलं?

रोजच्या वागण्याबद्दल जाहीरपणे मत देणं हे काही मोबाइलबरोबर आलेलं खूळ नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, त्यात राजकारणाच्या जोडीनं कपडे, सोवळं, केशवपन, लग्नाचं वय हे सगळं होतं. स्त्रियांनी जाकिटं घालावीत, यावर त्यांनी लेख लिहिला. आज कुणाला तो विषय क्षुल्लक वाटेल. त्या काळी तो घराघरांत भांडण लावणारा होता. पुण्यात लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, ती त्यांनी पाहिली आणि तरीही ते लिहीत राहिले. १८९५ मध्ये ते गेले तेव्हा अवघे ३८ वर्षांचे होते. आपण त्यांचं नाव रस्त्यांना आणि शाळांना दिलं. पण आगरकरांजवळ स्वतःचं पत्र होतं, पाठीशी थोडे का होईना मित्र होते. काकूंजवळ एक फोन आहे आणि लिफ्टमध्ये रोज भेटणारे तेच ते शेजारी.

पालघर आठवतं? नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले आणि सगळं बंद झालं. हे बंद राहणं कशासाठी, असा प्रश्न पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीनं त्याला लाइक केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, म्हणजे माझ्याच जिल्ह्यात. त्या अटकेमुळे अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ घटनाबाह्य ठरलं. तरीही त्या मेलेल्या कलमाखाली ठाण्याठाण्यांत गुन्हे नोंदवले जात राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाला सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. इतकी वर्षं भांडून मिळालेली ही मोकळीक आहे. आमच्या ग्रुपवर तिला संपवायला पाऊण तास पुरला, पोलीस लागले नाहीत.

सिनेमाबद्दल, मालिकांबद्दल बोलताना तर माणसं आणखी घाबरलेली दिसतात. एखादा ऐतिहासिक सिनेमा आवडला नाही असं लिहा, पाचव्या प्रतिक्रियेत तुमचं आडनाव निघतं. आडनाव ओळखीचं नसेल तर गाव विचारतात. सिनेमातली लढाई कंटाळवाणी वाटली, संवाद ओरडून म्हटलेत, पार्श्वसंगीत कानावर आदळतं, हे म्हणायला जात लागत नाही, फक्त तिकीट लागतं. पण आपल्याकडे मताचं उत्तर मतानं देण्याआधी बोलणारा कुणाचा, हे शोधलं जातं. ही सवय मला डीजेपेक्षा घातक वाटते. डीजे अनंत चतुर्दशीनंतर थांबतो. आडनाव मात्र माणसाला आयुष्यभर चिकटलेलं असतं, आणि एकदा त्यावरून झोडपलेला माणूस पुन्हा सिनेमाबद्दल बोलत नाही. निळू फुले यांच्या खलनायकाला शिव्या घालत घालत ज्या प्रेक्षकांनी त्या नटावर जीव लावला, त्यांची ही मुलं-नातवंडं आहेत, हे विसरवत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये तर सिनेमा बाजूलाच राहिला. चिन्मय मांडलेकर यांनी अनेक चित्रपटांत छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली होती. त्या भूमिकेवर टीका झाली असती तर तो प्रेक्षकांचा हक्क होता, ती कडक झाली असती तरी. पण लोक त्यांच्या लहान मुलाच्या नावावर तुटून पडले. कुटुंबाला इतका त्रास झाला की यापुढे ही भूमिका करणार नाही, असं त्या नटानं जाहीर केलं. आपण पोराचं नाव काय ठेवावं, हा घरात बसून ठरवण्याचा प्रश्न. त्यावर आपलं काही मत असूही शकतं. पण त्या मुलाला मोठेपणी हे सगळं वाचता येणार आहे, हे लिहिणाऱ्या एकाच्याही मनात आलं नसेल का? जाहीर केलेल्या कामावर हवं ते बोला. त्या कामाच्या मागे जे घर आहे, त्याच्या उंबऱ्यावर थांबा. एवढी एक मर्यादा पाळली तर बाकी वाद कितीही कडाक्याचा होऊ द्या, मला तो हवाच आहे.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. २०१७ पासून काही काळ फेसबुक आपल्या मोजणीत रागाच्या चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन देत होतं. संताप आला की मजकूर वर, जास्त लोकांपुढे. २०२० मध्ये रागाच्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणलं गेलं. पण प्रतिक्रियांची झुंबड उडाली की मजकूर पसरतो, ही रीत बऱ्याच ठिकाणी चालूच आहे. म्हणून शिवी देणाऱ्याला शिवी देऊ नका. तुमच्या उत्तरानं त्याचाच आवाज वाढतो. ज्याच्यावर तो तुटून पडला आहे त्याच्याशी बोला. त्याच्या पोस्टखाली बोला, आणि शक्य असेल तर संध्याकाळी फोन करा.

फॉरवर्डबद्दल एकच सांगतो. पुढे ढकललेला मजकूर हे तुमचं मत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. तशा अफवा तेव्हा फोनाफोनांतून फिरत होत्या, आणि पाठवणाऱ्यांपैकी कुणालाही आपण काही केलं असं वाटलं नसेल. स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावानं लिहायला बसलं की हात आपोआप थबकतो, खरं-खोटं तपासावंसं वाटतं. तेवढं थबकणं आपल्याला हवं आहे.

ग्रुपच्या ॲडमिनना माझी हात जोडून विनंती आहे. मत काढू नका. स्टिकर काढा, आडनाव काढणारी ओळ काढा, ग्रुपमधला स्क्रीनशॉट बाहेर नेणाऱ्याला समज द्या. मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, तुमच्याविरुद्ध बोलणारी काकू तुमच्या मांडवात रोज आरतीला येणारी आहे, वर्गणीची पहिली पावती तिच्या घरची असते. तिला उत्तर द्यायचं असेल तर तिच्या घरी जा, चहा प्या, काकांची तब्येत विचारा आणि मग सांगा की डीजे का हवा. आणि माझ्यासारख्या गप्प पंचाहत्तरांनो, आपण वाईट माणसं नाही. प्रत्येकाला वाटत होतं की आणखी कुणीतरी बोलेल.

मी काल काकूंकडे जाऊन आलो. काका व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. काकूंनी पोहे केले आणि विषय निघाल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी काही चुकीचं लिहिलं होतं का रे?" त्यांच्या त्या चार ओळी मी त्यांच्याकडून मागून घेतल्या आहेत. त्यांच्या परवानगीनं उद्या सकाळी दहा वाजता त्या माझ्या नावानं ग्रुपवर टाकतो आहे, आणि या वेळी काढणार नाही. ए विंग, बी विंग, सी विंग, तळमजल्यावरचे दुकानदार, सगळ्यांना सांगून ठेवतो: दहा वाजता फोन हातात असू द्या. डीजे हवा असेल तर तसं लिहा, नको असेल तर तसं लिहा, पण खाली तुमचं नाव दिसू द्या. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात अशा चार ओळी कुणी काढून टाकल्या असतील तर तुम्हीही उद्या सकाळी दहाला त्यांच्या दाराची बेल वाजवा.