तारीख नको, चर खणा

"आपल्याखाली काळा पाषाण आहे रे, इथे कसला भूकंप?" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे ऐकलंय. म्हणणाऱ्यांत इंजिनिअर असतात, आमचे काही काका-मामाही आहेत (रागावू नका!). गंमत म्हणजे "उद्या पहाटे मोठा भूकंप, नासाचा इशारा" हा मेसेज बिनदिक्कत पुढे ढकलणारेही हेच.

मंडळी, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीखालीही तोच काळा पाषाण होता. आणि सरकारी नकाशात ते गाव झोन १ मध्ये होतं, म्हणजे सगळ्यात कमी धोका! आदल्या वर्षी छोटे धक्के बसून गेले होते, तरीही. गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला ६.२ रिश्टरचा धक्का आला आणि मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती अंगावर आल्या. आठ हजार म्हणा की दहा हजार, जो आकडा धराल तो. २००२ साली झोन १ रद्दच झाला. माणसं मेल्यावर नकाशा सुधारला, असंच ना हे?

नकाशा खोटा नव्हता, त्याची आठवण तोकडी होती. आपल्याकडच्या नोंदी शंभर-दोनशे वर्षांच्या, फार तर बखरीतला एखादा उल्लेख. आणि दख्खनमधला एखादा प्रस्तरभंग हजारो वर्षं गप्प बसू शकतो. त्याला विचारायचं तर एकच उपाय: त्याच्यावर आडवा चर खणायचा, मातीचे थर कुठे तुटलेत, सरकलेत ते बघायचं आणि थरातल्या कोळशावरून वय काढायचं. भूकंपानंतर किल्लारीत असे चर खणले, तेव्हा तिथला प्रस्तरभंग पूर्वीही हलल्याच्या खुणा मिळाल्या. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही (जुनं तगर) पाहणी केली. तिथल्या विटांच्या त्रिविक्रम मंदिराच्या आसपासच्या खुणांवरून सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाचा अंदाज त्यांनी मांडला. तो उद्या चुकीचाही ठरेल. पण ते ठरवायलासुद्धा खोदायलाच हवं की नाही?

आणि हे काम घाईचं आहे. किल्लारीला जमीन जेमतेम हातभर उचलली गेली होती. तेवढी खूण नांगराच्या दोन-चार फेऱ्यांत नाहीशी होते.

"पण भूकंप कधी होणार ते सांगता येतं का?" हा पुढचा ठरलेला प्रश्न. नाही येत. कुठे आणि साधारण केवढा, याचा अंदाज येतो. घर बांधणाऱ्याला तेवढा पुरतो, तारीख लागते ती ज्योतिषाला. अणुभट्टी बांधायची म्हटली की जागेची अशी पाहणी होते, तेव्हा खर्चाची कुरकूर कोणी करत नाही. दगडमातीच्या घरांनी भरलेल्या तालुक्यासाठी मागा, की लगेच "त्याचा उपयोग काय?"