हा आजार नव्हे, आणि लग्न हे त्याचे औषध नव्हे

गेल्या वर्षी आषाढी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. रात्री साडेनऊची वेळ, कंपाउंडर शटर ओढण्याच्या तयारीत, आणि बाकावर एक जोडपे अजून बसलेले. त्यांचा नंबर दोनदा येऊन गेला होता, दोन्ही वेळा त्यांनी मागच्या पेशंटला पुढे पाठविले. सगळे गेल्यावर ते आत आले. त्यांना आपण नाना म्हणू. ओळख पटेल असा तपशील मी बदलला आहे आणि लिहिण्यापूर्वी घरच्या तिघांनाही विचारले आहे. गळ्यात तुळशीची माळ, घरात तीन पिढ्यांची वारी. रक्तदाब पाहिला तर १७०/१००. मग खालमानेने नाना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मना आंडोरले काही बिमारी शे का?"

मुलगा पुण्याला कंपनीत नोकरीला. स्थळे पाहणे सुरू होते. तिसरी मुलगी पाहून आल्यावर तो स्वयंपाकघरात आईला म्हणाला, मला मुलींविषयी तसे काही वाटत नाही, मुलांविषयी वाटते, आणि हे मला नववीपासून माहीत आहे. आईला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा तिने गॅस बंद केला आणि तशीच बसून राहिली. पुढच्या चार महिन्यांत अंगारा झाला, गंडा झाला, त्र्यंबकला जाऊन नारायण-नागबळी झाला. खर्च किती झाला ते मी विचारले नाही. सगळ्यांच्या शेवटी डॉक्टरची आठवण झाली.

"नाही नाना, बिमारी नाही," एवढेच मी पहिल्या दिवशी सांगितले आणि रक्तदाबाची गोळी सुरू केली.

वाचकहो, पुढे लिहिण्याआधी माझी एक चूक सांगितली पाहिजे. दवाखाना नुकताच टाकला होता तेव्हाची गोष्ट. असाच एक बाप असाच मुलगा घेऊन आला होता. हा विषय आम्हाला शिकविला तो न्यायवैद्यकाच्या पुस्तकात, गुन्ह्यांच्या प्रकरणात, आणि तो आम्ही परीक्षेपुरता पाठ केला. मी त्या बापाला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "लग्न करून टाका, पोर ताळ्यावर येईल." त्याच उन्हाळ्यात लग्न झाले. चार वर्षांनी त्या मुलाची बायको माझ्यासमोर बसली होती. मूल होत नाही, हिच्या तपासण्या लिहून द्या, असे सासू म्हणत होती. मी त्या लिहूनही दिल्या! सासू बाहेर गेल्यावर ती पोरगी हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तपासणार काय? आमच्यात कधी काही झालेलेच नाही." पुढे ती माहेरी गेली. दोष तिच्यातच असणार, असे गाव म्हणत राहिले. मुलगा सुरतेला निघून गेला, तो बापाच्या दहाव्यालाही आला नाही. माझ्या एका वाक्याने दोन घरे मोडली. त्या वाक्याची फी मी दहा रुपये घेतली होती.

आज वैद्यकशास्त्र काय म्हणते? अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी आकर्षण आपल्या आजारांच्या यादीतून १९७३ साली काढले. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केले. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हा मानसिक आजार नाही असे जाहीर केले. विजेचे झटके, हार्मोनची इंजेक्शने, "मन वळविण्याचे" कोर्स यांनी हे आकर्षण बदलत नाही. खचतो तो मुलगा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहे. तेव्हा कोणी डॉक्टर "बरा करून देतो" म्हणाला, तर खिशातले पैसे खिशातच ठेवावेत आणि उठून यावे.

आयोगाच्या त्या निर्णयामागची हकीकत सांगण्यासारखी आहे. मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुणी आल्या होत्या. त्यांना एकत्र राहायचे होते, घरच्यांचा विरोध होता. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी मान्य केले की हा विषय आपल्याला पुरता समजलेला नाही. त्यांनी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे बसून तो समजून घेतला आणि मग २०२१ साली आदेश दिला. मला हे फार आवडले. न्यायमूर्तींना शिकवणी लावावी लागते, तर पारोळ्याच्या आईबापांना एका रात्रीत कसे उमगावे?

आई हमखास विचारते, "आमचे काय चुकले?" तुमचे काही चुकले नाही. हे आकर्षण कशाने ठरते याचे एकच एक कारण सापडलेले नाही. पण लाड केल्याने, वसतिगृहात ठेवल्याने किंवा मोबाइलमुळे ते येत नाही. एकाच घरात, एकाच ताटात जेवलेले दोन भाऊ असतात आणि त्यांतला एक असा असतो. हे पुण्या-मुंबईचे नवे खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' आठवावे. त्या मासिकात वाचक असले प्रश्न विचारीत आणि कर्वे उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांना दंड झाला. प्रश्न मात्र तेव्हाही मराठी घरांतूनच येत होते.

नानांची खरी अडचण शास्त्राची नव्हतीच. पंधरा दिवसांनी पुन्हा आले तेव्हा म्हणाले, "आजार नाही हे मानले. पण माझ्या गळ्यात माळ आहे. कोणत्या तोंडाने पंढरीला जाऊ?" मी कीर्तनकार नव्हे. संतांनी या विषयावर अमुक सांगितले असे मी म्हणणार नाही, त्यांच्या तोंडी आपल्या सोयीचे शब्द घालू नयेत. मी एवढेच विचारले, "नाना, महाद्वाराच्या पायरीशी तुम्ही कोणासमोर वाकता?" ते म्हणाले, "चोखोबांसमोर." "त्यांना आत का जाऊ दिले नव्हते?" नाना बोलले नाहीत. कान्होपात्रेचे ठिकाण तर मंदिराच्या आवारातच आहे, आणि ती कोणाची मुलगी होती हे वारकऱ्याला मी काय सांगावे? माझा अनुभव असा, की देवाचे नाव पुढे असते आणि मागे भाऊबंदकी उभी असते. लोक काय म्हणतील, धाकटीचे लग्न कसे जमेल, ही ती भीती. ती खोटी नाही, छोट्या गावात तर मुळीच नाही. पण तिला भीतीच म्हणावे, तिचा बोजा पांडुरंगावर टाकू नये.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला. अशा मुलामुलींच्या आईवडिलांचे अनुभव त्यांच्या 'मनाचिये गुंती' या पुस्तकात आले आहेत. पुस्तकाचे नावच ज्ञानेश्वरांच्या अभंगातले आहे, म्हणून मी ते मुद्दाम नानांच्या हाती दिले. मुंबईत २०१५ साली पद्मा अय्यर या आईने मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात 'मिड-डे'त दिली. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास प्राधान्य, असे तिच्यात होते. आई ती आईच! आणि 'स्वीकार' या पालकांच्या गटातील चारशेंहून अधिक आईबापांनी २०२३ साली, आमच्या मुलांच्या विवाहाला मान्यता द्या, असे पत्र सरन्यायाधीशांना लिहिले. ती मान्यता मिळाली नाही. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने हे काम संसदेवर सोडले. पण असे संबंध हा गुन्हा नाही, हे ६ सप्टेंबर २०१८ लाच ठरले आहे. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी इतिहासाने या लोकांची माफी मागायला हवी असे लिहिले, आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही. कुटुंबीयांचीही, हे नाना-ताईंसारख्यांनी लक्षात ठेवावे.

आता डॉक्टर म्हणून चार शब्द. मुलाने सांगितले त्या दिवशी उत्तर सुचले नाही तर देऊ नका, पण जेवायला वाढा. "माझे मेलेले तोंड पाहशील" अशा शपथा घालू नका. त्या ऐकून मुले लग्नाला उभी राहतात आणि मग त्या परक्याच्या पोरीचे काय होते ते वर सांगितलेच आहे. त्याला न विचारता काका-मामांत बोभाटा करू नका. मुलींचे तर आणखी अवघड, कारण त्यांना कोणी विचारतच नाही. लग्नाला सारखी नाही म्हणणाऱ्या मुलीचे शिक्षण थांबवून घाईने बोहल्यावर चढवू नका. आणि मूल गप्प झाले, झोपेनासे झाले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर कपाशीवर फवारायचे औषध घरातून आधी हलवा आणि त्याला एकटे सोडू नका. आपल्या भागात ते विष प्यालेली मुले किती वेगाने हातची जातात हे मी पाहिले आहे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीतही बोलता येते.

ताईंचा एक प्रश्न राहिला होता. पोराचे लग्न होऊ दे म्हणून त्यांनी कानबाईला नवस केला होता, आता त्याचे काय करायचे? याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या सौ. आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "पोरगा जिवंत आहे आणि तुमच्याशी खरे बोलला. एवढ्यावर रोट होत नाहीत का?"

यंदा श्रावणात कानबाई बसली. मुलगा दोन दिवसांची रजा काढून आला होता. नाना त्या विषयावर त्याच्याशी अजून बोलत नाहीत, रक्तदाबही पुरता खाली आलेला नाही. त्यांच्या घरी रोटांसाठी प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. थोरल्या चुलत्याने मोजताना मुलाचे नाव गाळले, तेव्हा नानांनी उठून ती सव्वा मूठ स्वतः घातली, असे ताईंनी गोळ्या न्यायला आल्या तेव्हा सांगितले.