बारा तासांनंतर घरासाठी काय उरतं?

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,


सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. तिमाही ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ केली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असं सरकार सांगतं. हे सगळं मान्य करूनही मला तुमच्याशी भांडायचं आहे. माणूस आठवड्याच्या हिशेबाने घरात राहत नाही, रोज राहतो.

माझी शेजारीण अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. सकाळी ८ ची पाळी गाठायला ती साडेसहाला टिटवाळ्याहून निघते, कल्याणला गाडी बदलते, अंबरनाथ स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहते. ५ ला सुटली की साडेसहापर्यंत घरी. मग कणीक मळता मळता मुलाकडून सतराचा पाढा म्हणवून घेते. तो सतरासातेला अडखळला की हात तसाच पिठात ठेवून थांबते. त्याच्या शाळेत काय झालं, कोण कोणाशी बोलत नाही, हे तिला याच वेळात कळतं. पाळी ८ ला सुटली तर ती साडेनऊला दारात येईल आणि मुलगा झोपलेला असेल. हा वेळ रविवारी भरून निघत नाही.

चार दिवस राबा, तीन दिवस सुट्टी घ्या, असंही समर्थन ऐकू येतं. पण १२ तास भरल्यावर ओव्हरटाइम करायचा कधी? त्याच सुट्टीच्या दिवसांत. १४४ तास १३ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ११ तास होतात, म्हणजे जवळजवळ आणखी एक अख्खी पाळी.

आणि संमती! ठेकेदाराकडच्या बाईपुढे कागद येतो तेव्हा सही नाकारली तर उद्या गेटवर आपलं नाव असेल का, हे तिला ठाऊक नसतं. तुमच्या खात्यालाही ही भीती ठाऊक आहे.

याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली. १८८४ पासून अर्ज, सभा, पाठपुरावा चालला आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. कामगाराला देव आहे, घर आहे, समाज आहे, हे त्या मागणीत गृहीत होतं. १३५ वर्षांनी त्याच मुंबईतून चालणारं सरकार कामगाराची रोजची संध्याकाळ मागतं आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

९ तासांची मर्यादा परत आणा. ते होईपर्यंत दिलेली संमती कामगाराला कधीही मागे घेता आली पाहिजे. तो नकार ठेकेदाराकडे नव्हे, थेट तुमच्या खात्याकडे नोंदवता यावा आणि त्यानंतर कोणाचं काम गेलं तर जाब ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीलाही विचारला जावा.

कळावे,
टिटवाळ्याची एक रहिवासी