गाडीत मामा एकटाच असतो

न्यू जर्सीतला माझा मामा कामावर जायला दीड तास आणि परत यायला दीड तास गाडी चालवतो. त्या तीन तासांत तो रेडिओ ऐकतो. गाणी नाही, नुसतं बोलणं. एक माणूस माइकसमोर बसून देशाचं काय चुकतंय ते सांगत असतो आणि मामाला ते पटत असतं. गेल्या नाताळात फोनवर तो म्हणाला, "बाहेरून आलेल्या या सगळ्यांना परत पाठवलं पाहिजे." मम्मी एकदम गप्प झाली. बेळगावहून तिकडे गेलेला तिचा सख्खा भाऊ हे बोलत होता! मी मात्र गप्प बसले नाही. आमचं चांगलंच वाजलं आणि पुढे महिनाभर मामाचा फोन आला नाही.

त्या महिन्यात मी ठरवलं, हा ऐकतो तरी काय ते बघूया. तिथली दुपार म्हणजे आपली रात्र. अभ्यास झाला की इअरफोन लावून मी शॉन हॅनिटी, मार्क लेविन यांचे कार्यक्रम ऐकू लागले. खरं सांगू? कंटाळा आला नाही. ही माणसं भाषण देत नाहीत, गप्पा मारतात. मध्येच विनोद करतात, चिडतात, श्रोत्याला घरातल्यासारखं 'तू' म्हणतात. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला कबूल करावं लागेल, की बोली भाषेची ताकद त्यांना आपल्या अनेक लेखकांपेक्षा जास्त कळली आहे.

पण हे सगळं आलं कुठून? १९४९ पासून अमेरिकेत प्रसारणाचा एक नियम होता. वादाच्या सार्वजनिक प्रश्नांवर बोलायचं, तर दुसऱ्या बाजूलाही वाव द्यायचा. १९८७ मध्ये रेगन यांच्या काळात तो नियम रद्द झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये, रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. रोज तीन तास, आणि पुढे सहाशेहून जास्त केंद्रांवरून. गाणी एफएमवर निघून गेल्यामुळे ओस पडत चाललेल्या एएम केंद्रांना त्यांनी नवं गिऱ्हाईक मिळवून दिलं. १९९४ मध्ये चाळीस वर्षांनी रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधीगृहात बहुमत मिळालं, तेव्हा नव्या सदस्यांनी लिंबॉंना आपल्या गटाचं मानद सदस्य करून घेतलं. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०२१ मध्ये ते गेले, पण त्यांनी पाडलेल्या वाटेवरून आज कितीतरी जण चालताहेत.

आता एक गोष्ट आपल्याच घरातली. रेडिओवरून राग पेटवणारा पहिला मोठा माणूस कोण, हे शोधताना मला एक कॅथलिक धर्मगुरू सापडले. डेट्रॉइटजवळचे फादर चार्ल्स कॉफलिन. १९२६ मध्ये त्यांनी रेडिओवरून प्रवचनं सुरू केली. मंदीत होरपळलेल्या कामगारांची बाजू घेतली, म्हणून लोक त्यांना मानू लागले. कोट्यवधी श्रोते झाले. आणि मग तीसच्या दशकाच्या अखेरीस तोच आवाज सगळ्या संकटांचं खापर ज्यूंवर फोडू लागला. १९४२ मध्ये त्यांच्या आर्चबिशपांनी त्यांना थांबवलं. फार उशिरा, असं मला वाटतं. म्हणून 'त्या लोकांचा रेडिओ' असं बोट दाखवताना माझा हात थोडा अडखळतो.

दुसरं उदाहरण तर माझ्यासारख्याच एका विद्यार्थिनीचं. २०१२ मध्ये जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठातली सँड्रा फ्लूक ही कायद्याची विद्यार्थिनी काँग्रेसच्या सदस्यांपुढे बोलली. विद्यार्थिनींच्या आरोग्य विम्यात गर्भनिरोधकांचा खर्च असावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. लिंबॉंनी सलग तीन दिवस तिच्या चारित्र्यावर घाणेरडे शब्द उधळले. जाहिरातदार पळू लागले, तेव्हा त्यांनी माफी मागितली. चर्चची शिकवण मानणारी मुलगी म्हणून फ्लूकचं सगळं म्हणणं मला पटतंच असं नाही. पण विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जे केलं ते मला पटतं. मतभेद असू शकतात हे मान्य करूनही ते तिच्या बोलण्याच्या हक्कामागे उभे राहिले.

आता माझा मुद्दा. या रेडिओचा दोष तो सनातनी विचारांचा आहे, हा नाही. कुटुंब, धर्म, रविवारची प्रार्थना याबद्दल हे लोक जे बोलतात, त्यातलं बरंच आमच्या घरातही बोललं जातं. दोष हा, की तिथे उलट उत्तर देणारं कोणी नसतं. फोन करणारे असतात, पण कोणाला आत घ्यायचं हे आधीच ठरतं आणि फोन तोडायचं बटण निवेदकाच्या हाताशी असतं. तीन तास एकच बाजू ऐकून उठलेला माणूस दुसरी बाजू फक्त चेष्टेच्या रूपात ओळखतो.

मग तो जुना नियम परत आणायचा का? मला नाही वाटत. कटकट नको म्हणून कित्येक केंद्रं वादाचे विषयच टाळायची, अशी त्या नियमाबद्दल तक्रार होती. शिवाय विरोधी आवाज जेरीस आणायला सत्ताधाऱ्यांनी तो वापरलाही. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीच्या तेवढ्या चालतात. म्हणून आपण शांत झालो का? तोच राग आता मोबाइलवरून येतो. बेळगावात मराठी-कन्नड वाद पेटला, की दोन्हीकडच्या ऑडिओ क्लिपा दोन्हीकडे वेगवेगळ्या फिरतात. माझ्या शेजारची कन्नड मैत्रीण काय ऐकतेय ते मला ठाऊक नसतं आणि मी काय ऐकतेय ते तिला.

शेवटी मीच मामाला फोन केला. विचारलं, "मामा, त्या माणसाला कोणी उलट बोललेलं तू कधी ऐकलंस?" तो हसला. म्हणाला, "बाय, गाडीत मी एकटाच असतो. टीव्हीवरचे शिकलेले लोक आमच्यासारख्याला अडाणी समजतात. हा माणूस रोज सांगतो, तुझं चुकत नाही. तू तरी मला इतक्या वर्षांत कधी विचारलंस, माझं कसं चाललंय ते?"

नव्हतं विचारलं. मला खरंच उत्तर सुचलं नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या मंडळात वादविवाद स्पर्धा होते. विरुद्ध बाजूने बोलायला मिळालं की आपण तोंड वाकडं करतो. मला आता वाटतं, तीच खरी शिकवणी आहे. समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता आलं, तरच त्याला उत्तर द्यायचा आपला हक्क.

हल्ली दर रविवारी मिसानंतर मी मामाला फोन करते. आधी तो बोलतो, मग मी. परवा परत बाहेरून आलेल्यांचा विषय निघाला. मी म्हटलं, "मामा, तूही बाहेरूनच गेलास ना?" तो चिडला. पण फोन ठेवला नाही.